उंदीर ऐकतात म्हणून

“बाई, उंदीर खरंच ऐकतात का?”

हा प्रश्न मला सरपंचानं विचारला, शाळेच्या मास्तरनं विचारला, आणि मोटारसायकलवरून न उतरता लांबूनच माझा पिंजरा पाहणाऱ्या एका पोलीस शिपायानंही विचारला. बावीस वर्षं मी लोकांच्या घरातले उंदीर घालवायचं काम केलं. आता गुडघे कुरकुरतात, माळ्यावर चढवत नाही, म्हणून घरी बसली. पण या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हाही देता येत नव्हतं आणि आजही येत नाही. उलट जितकी वर्षं गेली तितका डोक्यातला घोळ वाढतच गेला.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून फोन आला तेव्हा मी म्हटलं, अहो बाप्पा, लोक फराळाचं ताट पुढ्यात घेऊन वाचणार, त्यात माझ्या उंदरांचं काय काम? पण लेक मागेच लागली. मी बोलते आणि ती लिहिते. माझ्या ‘मले’चं ती ‘मला’ करून टाकते, मास्तरीण आहे ना! लोकांचं बोलणं मात्र जसंच्या तसं ठेव म्हणून मी तिला दम दिला आहे.

आमच्या भंडारा जिल्ह्यात दिवाळी झाली की धान घरात येतं. बांबूची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली कोठी भरते आणि घरधनी मिशीवर ताव देतो. पण त्याच्या आधी बातमी उंदराला लागलेली असते. तो छपराच्या कवेलूंवरून येतो, नालीतून येतो, दाराखालच्या अंगठ्याएवढ्या फटीतून येतो. मग माझ्याकडे निरोप यायचा, “मावशी, लवकर या, कोठीले भोक पाडलन.”

आमच्याकडे एक रीत आहे. उंदराला औषध लावलं की घरात त्याचं नाव काढायचं नाही. “आज औषध ठेवलं” असं कोणाच्या तोंडून निघालं की उंदीर ऐकतात आणि त्याला शिवत नाहीत. मी हे पहिल्यांदा ऐकलं ते तुमसरकडच्या एका राइस मिलमध्ये. मी तिथं झाडलोटीला होती. तिथल्या एका म्हाताऱ्या हमालानं मला हे काम शिकवलं. तो म्हणायचा, “बाई, हात चालू दे अन् तोंड बंद ठेव. त्याहिचे कान आपल्याहून तेज असतात.”

मी तेव्हा हसली होती. पण काम करता करता वाटायला लागलं की म्हातारा अगदीच खुळा नव्हता. उंदीर फार संशयी जात. नवीन वस्तू दिसली की दोन दिवस तिच्याजवळून नुसता जातो-येतो, तोंड लावत नाही. म्हणून आधी तीन दिवस साधेच गोळे ठेवायचे. कणीचं पीठ, गूळ, चार शेंगदाण्यांचा कूट, थोडं जवसाचं तेल. त्याला चव लागली, विश्वास बसला की चौथ्या दिवशी त्याच गोळ्यांत विषाची काळी पूड मिसळायची. मधल्या दिवसांत घरातली माणसं बोलत बसली की कोणी वाकून पाहतो, कोणी झाडूनं सरकवतो, आणि उंदीर सावध होतो. म्हणजे उंदीर ऐकत असो की नसो, माणसं गप्प राहिली की काम फत्ते. एवढं मला कळलं आणि मी तो माझा नियमच करून टाकला. घरात एकाच माणसाला सांगायचं, बहुतेक घरच्या बाईला, तेही कानात. बाकीच्यांसाठी ओठांवर बोट. मी ओठांवर बोट ठेवलं की बाई समजून जायची.

माझे गोळे चविष्ट असायचे, हे मी स्वतःच सांगते. साधा गोळा मी स्वतः चाखून पाहायची. लेक म्हणायची, आई, घरच्यांसाठी इतका गूळ टाकत नाहीस! मी म्हणायची, घरचे कुठं जातात, गिऱ्हाईक पळून जाते.

बाकीचं काम म्हणजे नजर. उंदीर भिंतीच्या कडेकडेनं जातो, त्याच्या अंगाचा तेलकट काळा पट्टा भिंतीवर उमटतो. ताजी लेंडी मऊ आणि चमकदार असते, जुनी असली तर बोटात भुगा होते. संध्याकाळी सगळ्या बिळांच्या तोंडाला चिखल थापायचा, सकाळी जे बीळ उघडं दिसेल त्यात वस्ती आहे. बिळं बुजवायची तर काचेचे तुकडे आणि सिमेंट. चिचुंद्री उंदीर नव्हे, ती घरातले किडे खाते, तिला मारू नका म्हणून मी किती घरांत ओरडली असेन. आणि उंदीर खाताना सांडतो. चार कण खातो, दोन कण उडवतो, तिथंच लेंड्या टाकून जातो. हे शेवटचं लक्षात ठेवा, मी नाही ठेवलं.

या कामात दोन गोष्टी मला सोसवत नव्हत्या. एक तो चिकट पुठ्ठा. त्यावर चिकटलेला उंदीर दिवसभर ओरडतो. मी दोनदा वापरला आणि फेकून दिला. दुसरी गोष्ट अशी, की आम्ही बौद्ध. विहारात पंचशील घेतो, त्यातलं पहिलंच शील जिवाची हत्या न करण्याचं. सगळ्या बाया मोठ्यानं म्हणायच्या आणि पहिल्या ओळीला माझा आवाज आपोआप खाली जायचा. दुसऱ्या ओळीपासून मी परत मोठ्यानं. एकदा भंतेजींना विचारलं, तर त्यांनी मलाच विचारलं, “धान कोणाचं वाचते?” मी म्हटलं, लोकांचं. ते नुसते हसले आणि विहारात गेले. आता याचा अर्थ हो की नाही, ते मला आजपर्यंत समजलं नाही.

एक मात्र खरं. ज्या घरांनी आमच्या मायबापाला अंगणाच्या पुढं येऊ दिलं नसतं, त्या घरांत लोक मला हाताला धरून सैपाकघरात नेत. “या मावशी, इकडं चुलीमांगं पाहा.” उंदरानं मला कुठं कुठं नेलं म्हणता!

लाखनीला हायवेवर एक भोजनालयवाला होता. त्याच्या पिठाच्या पिंपाखाली उंदरांचं गोकुळ. मला म्हणाला, “मावशी, मारू नका, बाप्पाचं वाहन हाये. नुसते दुसरीकडं सोडून द्या.” मी पिंजऱ्यात पकडून हायवेच्या पलीकडं, धानाच्या बांध्यांच्याही पुढं सोडून आली. चार दिवसांनी त्याचा फोन, परत आले. मी म्हटलं, हे दुसरे असतील. तो म्हणे, तेच हायेत, मी चेहरे ओळखतो. आता उंदराचा चेहरा ओळखणाऱ्याशी वाद काय घालायचा? मी लेकीची नखांची लाल शाई आणली, एकाच्या शेपटीला फासली आणि आणखी दूर नेऊन सोडलं. तिसऱ्या दिवशी लाल शेपटी पिंपाखाली हजर! भोजनालयवाल्यानं त्याला हात जोडले. म्हणाला, “एवढे ट्रक चुकवून आला, म्हणजे देवाचीच इच्छा हाये. आता याले हात लावू नका.” सांगा बरं, मला कशाला बोलावलं होतं त्यानं?

अशा गमती मी खूप सांगू शकते. पण लेक म्हणते, आई, ते आबाजीचं सांग. ते सांगायला मला जड जातं, कारण त्यात चूक माझी होती.

तीन-चार वर्षांखालची गोष्ट. सिहोऱ्याला शालू नावाची एक बाई, पस्तिशीची असेल. नवरा नागपूरला कंपनीत, पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचा. घरात ती आणि तिचा म्हातारा सासरा. त्यांना सगळा मोहल्ला आबाजीच म्हणायचा. वय ऐंशीच्या वर. कान गेलेले, कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर चार शब्दांतला एक आत जायचा. डोळ्यांतही सारा, म्हणजे मोतीबिंदू, आलेला. त्यात साखरेचा आजार. माणूस गोडाचा वेडा आणि चार वर्षांपासून डॉक्टरनं गोड बंद केलेलं. गूळ-साखरेच्या डब्याची किल्ली शालूच्या कमरेला. म्हातारा सपरीत, म्हणजे समोरच्या ओसरीत, दिवसभर बसून राहायचा आणि सून समोरून गेली की लहान पोरासारखा हात पुढं करायचा. ती हातानंच नाही म्हणायची.

“मले का कमी वाईट वाटते, मावशी?” ती मला म्हणाली होती. “पण देल्लं अन् काही झालं तर नवरा मलेच बोलेल. गावही मलेच बोलेल.”

धान नुकतंच घरात आलं होतं. कोठीमागं दोन मोठी बिळं, दोन्हींत वस्ती. मी पाहणी केली, शालूच्या कानात सांगितलं, तीन दिवस साधे, चौथ्या दिवशी काळे. ओठांवर बोट ठेवलं. तिनंही मान हलवली. मग तिनं आबाजीकडं बोट दाखवून डोळ्यांनीच विचारलं, यांना?

मी हात झटकला. म्हटलं, “त्याहिले ऐकूच येत नाही तर सांगाचं कायले? अन् सांगाचं म्हणजे ओरडा लागंल. सारे उंदीर जागे होतील.”

हे मी म्हटलं. मीच.

मी आठ पळसाची पानं घेतली, एकेकावर लिंबाएवढा गोळा ठेवला. कोठीमागं, उतरंडीजवळ, माळ्याच्या शिडीखाली, देवळीच्या खाली, अशा आठ ठिकाणी. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहते तर आठही गोळे फस्त. पहिल्याच दिवशी! माझ्या इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. मी मनातल्या मनात माझी पाठ थोपटली. वाटलं, जवसाचं तेल यावेळी ताजं होतं, म्हणूनच. पानं घडी करून तिथंच कोपऱ्यात सरकवून ठेवलेली होती. मी म्हटलं, शालू मोठी टापटिपीची बाई आहे. नवीन पानं मांडली, नवीन गोळे ठेवले, ओठांवर बोट ठेवलं आणि निघाली. दुसरा दिवस, तेच. तिसरा दिवस, तेच. पानाच्या चार घड्या.

कोणी काही बोललं नाही. बोलायचं नाही हीच तर रीत होती.

चौथ्या दिवशी दिवेलागणीला मी हातमोजे घालून काळे गोळे मांडले. पाचव्या दिवशी सकाळी गेली. आठही गोळे गायब. मेलेला उंदीर एक नाही. काळी पूड पोटात गेलेला उंदीर आजूबाजूलाच कुठंतरी पडतो, एखादा तरी दिसतोच. मी खाली वाकली. पानाच्या चार घड्या. पान उचलून उलगडलं. एक कण सांडलेला नाही, एक लेंडी नाही.

उंदीर पानाची घडी घालतो का हो?

मी उभी राहिली. शालूकडं पान धरलं आणि इशाऱ्यानं विचारलं, तू घडी केलीस? तिनं मान हलवली, नाही, आणि माझ्याकडं बोट दाखवलं. तिला इतके दिवस वाटत होतं, मीच रोज सकाळी येऊन घडी करते. मला वाटत होतं, ती करते. आम्ही दोघी त्या पानाकडं पाहत राहिलो. मग दोघींनी एकदमच सपरीकडं पाहिलं. आबाजीची चटई रिकामी होती.

“मायबाई वो!” शालू म्हणाली, पण तेही अजून कुजबुजतच. पाहा, एवढ्या भीतीतही आम्ही दोघी कुजबुजत होतो.

म्हातारा रोज सकाळी तलावाच्या पाळीवर जाऊन बसायचा. आम्ही धावलो. पाळीवर आंब्याच्या झाडाखाली आबाजी पडलेले, तोंडावर दुपट्टा. मी तिथंच थांबली. शालू पुढं गेली, तिनं दुपट्टा ओढला आणि आबाजीनं डोळे उघडले. झोपले होते.

पण झोप की गुंगी? मला काही सुधरेना. गोळे खाल्ले असतील तर कधी खाल्ले? काल संध्याकाळी खाल्ले असते तर आतापर्यंत उलट्या सुरू झाल्या असत्या. पहाटे खाल्ले असतील तर अजून वेळ आहे. की खाल्लेच नाहीत? मग गेले कुठं? मी शालूला म्हटलं, “थांब, आधी विचार करू. गाडी बोलावू, गुपचूप दवाखान्यात नेऊ. लोकांना कळायला नको.”

ती म्हणाली, “मावशी, याहिले काही झालं तर लोक का म्हणतील, माहीत हाये? उंदराचं औषध कोणं आणवलं? सुनेनं. घरात कोण होतं? सून. नवरा तरी मले खरं मानंल का?”

म्हणूनच गप्प राहू, असं मी म्हणणार होती. तेवढ्यात ती खाली बसली, आबाजीच्या कानाशी तोंड नेलं आणि सारा तलाव ऐकेल इतक्या जोरात ओरडली, “आबाजी! कोपऱ्यातलं काही खाल्लं का? थे जहर होतं! उंदराचं जहर!”

पाळीवर कपडे धुणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या. एक जण तिथूनच म्हणाली, “बाप्पा, सुनेनं बुढ्याले जहर देल्लन का वो?”

शालूनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. परत ओरडली, “खाल्लं का? सांगा ना, खाल्लं का?”

त्यांना किती कळलं देव जाणे. ‘खाल्लं का’ एवढं नक्की कळलं. त्यांनी जमलेल्या बायांकडं पाहिलं, मग सुनेकडं पाहिलं, आणि ठासून म्हणाले, “मी काही नाही खाल्लो. काहीच नाही.” आणि हे म्हणता म्हणता शालूकडं पाहून हळूच एक डोळा मिचकावला.

आता याला काय म्हणायचं? एकीकडं जिवावरची वेळ आणि म्हातारा डोळा मारतो! मला वाटलं, औषध डोक्यात चढलं. शालूला वाटलं, चोरी लपवतात. खरं काय ते आम्हा दोघींनाही कळलं नाही.

शेजारच्याच्या ऑटोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होती. तिनं विचारलं, “नक्की काय खाल्लं? किती? कधी?” मी पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं, पुढं सगळा घोळ. म्हटलं, तीन दिवस खाल्ले ते साधे होते, चौथ्या दिवशीचे खाल्ले की नाही ते माहीत नाही, आणि साधे तरी यांनीच खाल्ले की उंदरांनी तेही माहीत नाही. ती माझ्या तोंडाकडं पाहत राहिली. “तुम्ही यांना सांगितलं नव्हतं?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, “नाही.”

“का?”

आता शिकल्या-सवरल्या पोरीला काय सांगू, की उंदीर ऐकतात म्हणून? लाजेनं माझी मान खाली गेली. ती म्हणाली, या विषाला उतारा नाही, सलाईन लावू आणि संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवू. शालू बाहेर नवऱ्याला फोन लावत होती. लावायची आणि घंटी जायच्या आत बंद करायची. तीनदा केलं तिनं तसं.

मी आबाजीच्या खाटेजवळ बसली. मनात एकच, या माणसाला काही झालं तर या पोरीचं आयुष्य मी नासवलं.

दुपारी आबाजीनं इकडंतिकडं पाहिलं, शालू नाही याची खात्री केली आणि मला बोटानं जवळ बोलावलं. बहिऱ्या माणसाचं कुजबुजणंही मोठंच असतं, पण त्यांना ते कुजबुजणंच वाटत होतं.

“तुमी बाहेरच्या, म्हणून तुमाले सांगतो. घरच्याले सांगाचं नाही. सूनबाई तोंडानं कडू हाये, पण तिचा हात गोड हाये. डाक्टरनं बंद केलन, पोरानं बंद केलन. सगळ्याहिच्या पुढं थे बी नाहीच म्हणते. पण मांगून माह्यासाठी लाडू करते. कोपऱ्याकोपऱ्यात ठेवते, पळसाच्या पानावर. एक शब्द बोलत नाही. मी बी बोलत नाही. खाल्लो का पानाची घडी घालून ठेवतो, म्हणजे तिले समजते, बुढ्याले भेटले म्हणून.”

त्यांनी परत एकदा दाराकडं पाहून घेतलं.

“आज साऱ्या बायाहिच्या पुढं मले विचारे, खाल्लं का, खाल्लं का. मी कसा कबूल होऊ? पोराले समजलं तर तिले बोलंल ना तो!”

मग त्यांनी आवाज आणखी खाली आणला, म्हणजे तो फक्त शेजारच्या दोन खाटांनाच ऐकू गेला.

“पण काल तिचा हात चुकला, बाई. लाडवाले लसणाचा वास मारे. तोंडात टाकवलाच नाही. तसेच ठेवले असते तर तिले वाटलं असतं, बुढा रागावला. म्हणून मी साऱ्याचे सारे कोठीमांगच्या बिळाहित लोटून देल्ले अन् पानं घडी करून ठेवले. तिले सांगजा, पण असं सांगजा का तिले वाईट नाही वाटलं पाहिजे. गुळात लसूण चालत नाही म्हणा.”

काळ्या पुडीला लसणासारखा वास येतो. त्या वासानं त्यांना वाचवलं होतं. मी एवढी हसली आणि एवढी रडली की नर्स पाहायला आली. डॉक्टरीणबाईला सगळं सांगितलं. तिनं त्यांचे हात, धोतराची गाठ हुंगून पाहिली, साबणानं हात धुवायला लावले. तरी संध्याकाळपर्यंत ठेवूनच घेतलं. काही झालं नाही. फक्त साखर वाढलेली निघाली. का नाही वाढणार, तीन दिवसांत चोवीस लाडू!

खरं तर मी तेव्हाच त्यांच्या कानात ओरडून सांगायला पाहिजे होतं, की आबाजी, ते लाडू सुनेनं नव्हे, मी ठेवले होते आणि तुमच्यासाठी नव्हे, उंदरांसाठी. मी तोंड त्यांच्या कानापर्यंत नेलंही. ते माझ्याकडं असे काही पाहत होते की माझ्याच्यानं झालं नाही. मी नुसती मान हलवली, सांगते म्हणून.

शालू दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. मी तिला शब्दन् शब्द सांगितलं. लसणाचं ऐकून ती हसली आणि मग पदर तोंडावर घेतला.

“चार वर्षांत मी त्याहिले एक लाडू नाही देल्ला, मावशी,” ती म्हणाली. “एक नाही. अन् थे समजते का मीच...” मग पदर बाजूला करून तिनं विचारलं, “तुमी खरं सांगितलं का त्याहिले?”

“नाही,” मी म्हटलं.

“नका सांगू.”

तिसऱ्या दिवशी त्या घरात वास सुटला. कोठीमागची बिळं खोदली तर पाटीभर उंदीर निघाले. थेट बिळात, त्यांच्या दारात नेऊन दिलेलं जेवण, संशयाला जागाच नाही. बावीस वर्षांतलं सगळ्यात चांगलं काम ज्यानं केलं, त्याला आपण काय केलं हे आजवर ठाऊक नाही.

त्या दिवसापासून मी माझा नियम मोडला. प्रत्येक घरात गेली की सगळ्यांना अंगणात गोळा करायची आणि मोठ्यानं सांगायची, “आजपासून औषध आहे. इथं, इथं आणि इथं. कोणी हात लावायचा नाही.” पोरांना सांगायची, बहिऱ्यांना हात धरून जागा दाखवायची. साधे गोळेही मातीच्या नळकांड्यात ठेवायला लागली, माणसाचा हात जाणार नाही असे. लोक चिडायचे. म्हातारे म्हणायचे, “बाई, तू तं उंदराहिले सांगूनच देल्लं!” आणि खोटं कशाला बोलू, काही घरांत त्यानंतर उंदरांनी खरोखर गोळ्यांना तोंड लावलं नाही. नळकांड्यामुळं की माझ्या बोलण्यामुळं, ते मला सांगता येत नाही. मी डोकं खाजवत परत यायची आणि पुढच्या घरी पुन्हा मोठ्यानंच सांगायची.

पुढच्या वर्षी धान आलं तेव्हा शालूनं परत बोलावलं. म्हणाली, उंदीर नाहीत, नुसती बिळं पाहून जा. मी गेली. आबाजी सपरीत बसलेले, रस्त्याकडं तोंड करून. मी आत गेली, भिंतीच्या कडेकडेनं पाहत पाहत देवळीपाशी येऊन थबकली. देवळीत पळसाचं पान होतं आणि त्यावर एक गोळा. बोराएवढा, पण गोळाच.

मी तर यंदा या घरात काही ठेवलं नव्हतं! मी झटकन हात पुढं केला आणि ओरडणारच होती, “हे कोणी ठेवलं?”

शालू चुलीपाशी होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं. मग जवळ येऊन कानात म्हणाली, “डाक्टरीणबाईले विचारलं, मावशी. आठ दिवसाले एक, गूळ नावाले. लसूण नाही टाकली.”

“मग बोलत काहून नाही?” मी विचारलं, तेही कुजबुजतच. “त्याहिले तं ऐकूच येत नाही.”

तिनं सपरीकडं पाहिलं. म्हातारा आमच्याकडं पाठ करून बसला होता, अगदी आपल्याला काहीच माहीत नाही असा. देवळीपलीकडच्या खिळ्याला दोरा बांधून शालूनं घड्या घातलेली पळसाची पानं ओवून ठेवली होती. वाळून कडक झालेली, प्रत्येकाच्या चार घड्या.

मी हात मागं घेतला. त्या घरात मी अजूनही मोठ्यानं बोलत नाही.